खिसे रिकामे करा

आमच्या इंदिरानगरावरून ओझरचं लढाऊ विमान गेलं की सगळी कॉलनी वर बघते. पोळ्या लाटणाऱ्या बायका लाटणं हातात घेऊन गच्चीत येतात, पोरं क्रिकेट थांबवतात, आणि मी तोंडाला साबण लावलेला असला तरी बाथरूमच्या खिडकीतून मान काढतो. आमच्या शेजारचे खैरनार नाना तेवढे खाली बघतात.

रस्त्यात असतील तर रस्त्यात थांबतात. डाव्या हाताची मूठ मिटतात, मान खाली घालतात आणि चपलांच्या अंगठ्यांकडे बघत राहतात. आवाज विरून गेला, लोक आपापल्या कामाला लागले, तरी नाना तिथंच. मग कधीतरी तेच विमान ओझरच्या दिशेने परत जातं, नाना एक मोठा श्वास सोडतात, मूठ उघडतात आणि मेथीचा भाव विचारतात. तोवर भाजीवाला दुसरं गिऱ्हाईक करून मोकळा झालेला असतो.

हा माणूस ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर तपासनीस होता, हे मला कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. दुरुस्त झालेलं विमान आकाशात जायच्या लायकीचं आहे की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. कमलकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, मूळच्या नामपूरच्या. एरवी त्या आपल्यासारखंच बोलतात, पण नवऱ्याबद्दल बोलायचं झालं की त्यांना अहिराणीच लागते. "हाऊ माणूस जनमभर इमानमा राह्यना, अन् एक बी इमान वर मान करीसन पाह्यं नही," असं त्या पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या. माझी सासुरवाडी सटाण्याची असल्यामुळे मला ते कळलं, की जन्मभर विमानांत राहिलेल्या या माणसाने एकही विमान मान वर करून बघितलं नाही, आणि माझी सासुरवाडी सटाण्याची आहे हे कळल्यामुळे पुढची सगळी वर्षं त्या माझ्याशी नानांबद्दलच बोलल्या.

नाना नव्वदच्या दशकाच्या मध्यावर निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये राहायला आले. दोन घरांत एक भिंत सामाईक, गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. आठ-पंधरा दिवसांतच त्यांच्या गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहिली आणि आतून दिवसभर कानस घासल्याचा आवाज येऊ लागला. मी पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून. आपल्याला काय, कुठेही डोकावायचा अधिकार आहे अशा थाटात एकदा कठडा ओलांडून गेलो. दारातच नाना आडवे आले.

"खिसे," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, चोर समजले. पण त्यांनी डाव्या हातावर स्वच्छ रुमाल पसरला होता आणि चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. मी स्कूटरची किल्ली, कंगवा, सुटे पैसे, तंबाखूची पुडी, सगळं त्या रुमालावर ठेवलं. वरच्या खिशातलं पेन राहिलं होतं, ते त्यांनी बोट दाखवून काढायला लावलं. मग मला आत सोडलं. मी अर्धा-पाऊण तास तिथं होतो आणि तेवढा वेळ हा गृहस्थ डाव्या हातात माझा ऐवज धरून एकाच हाताने काम करत होता. मी म्हटलं, "नाना, ठेवा की त्या स्टुलावर." ते म्हणाले, "हातात घेतलेलं हातातच द्यायचं असतं." निघताना त्यांनी रुमाल उघडला आणि म्हणाले, "बघून घ्या."

"बघून घ्या" हे त्यांचं घोषवाक्य. सुटे पैसे दिले, बघून घ्या. वाटीभर साखर परत केली, बघून घ्या. आणि नुसतं म्हणून सोडत नसत, तुम्ही बघेपर्यंत समोर उभे राहत. मी बघितल्यासारखं करायचो. "दिसलं म्हणजे बघितलं असं होत नाही, जाधव," असं म्हणून ते मला पुन्हा बघायला लावायचे.

शेडमध्ये काय होतं ते सांगायचं राहिलंच. शेडमध्ये विमान होतं. टेम्पेस्ट नावाचं, मोठ्या पंख्याचं, जुन्या काळचं लढाऊ विमान. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं ते आपल्या हवाई दलात होतं, मग मोडीत निघालं. आता जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील, असं नाना म्हणायचे. त्याची खऱ्याच्या पावपट प्रतिकृती ते बनवत होते. पावपट म्हटल्यावर मला खेळणं वाटलं होतं, पण नुसते पंखच दहा फुटांचे होते. ती शोभेची नव्हती, उडणारी होती. सांगाडा हलक्या लाकडाचा, आणि इंजिन द्राक्षबागेत पाठीवर घेऊन औषध मारतात त्या पंपाचं. जमिनीवरून रिमोटवर चालवायचं.

मी विचारलं, "नाना, कारखान्यात एवढी झकास जेट विमानं बघितलीत. मग हे म्हातारं का?"

"नोकरीला लागायच्या आधी ट्रेनिंगला होतो. शेडमागे एक टेम्पेस्ट पडलेलं होतं. आत चिमण्यांचं घरटं. आम्हा पोरांना खोलायला आणि जोडायला ते दिलं होतं," नाना म्हणाले. "ते परत उडायचं नव्हतं, जाधव. म्हणून हात थरथरायचा नाही. त्याच्यानंतर ज्या ज्या विमानाला हात लावला, ते उडायचं होतं."

नट सुटून येऊ नये म्हणून विमानात तो बारीक तारेने बांधून टाकतात. नानांनी ही विद्या घरी आणली होती. काकूंच्या कुकरचं हँडल तारेने बांधलेलं, कपाटाच्या मुठी बांधलेल्या, देवघरातल्या घंटेचा लोलक बांधलेला. एकदा मी स्कूटर त्यांच्या दारात लावली तर परत येईपर्यंत तिचे आरसे बांधून झाले होते. मेकॅनिकने ती तार बघितली आणि कोणी केलं म्हणून आदराने विचारलं. मग पक्कड आणायला गेला, कारण ती सुटेना.

विमानाची प्रगती मात्र मुंगीच्या पावलाने. कारण नाना एक भाग बनवायचे, दोन दिवस त्याच्याकडे संशयाने बघायचे आणि "रिजेक्ट" म्हणून बाजूला टाकायचे. टाकलेल्या फळ्यांवर काकूंचा बंब वर्षभर चालला. शिवाय एक अडचण होती. कारखान्याचा नियम असा की ज्याने काम केलं त्याने ते तपासून पास करायचं नाही. दुसरा माणूस हवा. गच्चीवर दुसरा माणूस कुठून आणणार? काकूंनी साफ नकार दिला. मग माझी नेमणूक झाली.

"डावा पंख बघा," नाना म्हणायचे आणि पाठ करून उभे राहायचे. मी बघायचो. पंख पंखासारखा असायचा.

"छान आहे," मी म्हणायचो.

"छान हा शेरा नाही."

"मग चांगला आहे."

"कुठे बघितलंत? खालून बघितलंत? सांध्यावर नख फिरवलंत?" मी नख फिरवायचो. घरी बायको म्हणायची, चारचौघांसारखं दूध तापवून द्यायला सांगितलं तर तुम्हाला कंटाळा येतो. तिचं बरोबर होतं. पण नानांच्या पाठमोऱ्या मानेवर मी पास म्हणेपर्यंत जी शीर ताठ असायची, ती बघून मी पुन्हा एकदा नख फिरवायचो. आपण नळजोडणीच्या अर्जावर डोळे झाकून सही करणारी माणसं. या माणसाच्या नादाने मी रात्री उठून गॅसचा कॉक बघायला लागलो.

पाच-सहा वर्षांनी विमान आकाराला आलं. रंग चढला, काचेची टोपी बसली. आत पायलटची खुर्ची, पट्टे, घड्याळं, सगळं छोटं पण हुबेहूब. खुर्ची रिकामी होती. काकूंनी हौसेने खाकी कापडाचा एक पायलट शिवला, काळ्या बटणांचा गॉगल लावला आणि नाना आंघोळीला गेल्यावर त्याला त्या खुर्चीत बसवला. नाना वर आले. मी तिथंच होतो. मला वाटलं हसतील. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"ह्यांना कोणी बसवलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "शोभा येते."

"उतरव त्यांना."

"अहो, कापडाचा आहे."

"कमल, उतरव."

एवढा चढलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. काकूंनी बाहुला उतरवला. तो तेव्हापासून खाली टीव्हीवर सुखरूप बसून आहे. त्या दिवशी काकूंनी अहिराणीतसुद्धा काही म्हटलं नाही.

भांडण मात्र गच्चीवरून होतंच. कुरडया घालायच्या दिवसांत काकूंना आमच्या गच्चीवर यावं लागायचं. विमान पुरं झालं होतं, मी प्रत्येक इंचावर नख फिरवून पास केलं होतं, पण नाना उडवत नव्हते. वारा जास्त आहे. आज ऊन फार आहे. आवाज बारीक येतोय, इंजिन परत खोलतो. रिमोटवर ते एका छोट्या विमानावर शिकले होते, पण ते लिंबोणीच्या झाडाएवढ्या उंचीवरच फिरवायचे, म्हणजे मान वर करावी लागत नसे. काकू म्हणायच्या, "उडवा नाहीतर मोडा. मला माझी गच्ची द्या." नाना म्हणायचे, "अजून एकदा बघतो."

अशात काकूंच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. डॉक्टर भला माणूस. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नका, रोजचंच ऑपरेशन आहे." नाना आणखी खचले. मला म्हणाले, "रोजचं म्हटलं की माणूस बघायचं सोडतो."

ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत गेलो. काकूंना आत नेण्याआधी नर्स बाहेर आली आणि मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी असा सगळा ऐवज नानांच्या हातात देऊन गेली. नानांनी रुमाल काढला, त्यात ते सगळं घेतलं, मूठ मिटली आणि दाराकडे पाठ करून, मान खाली घालून उभे राहिले. बाक रिकामा होता. मी बसा म्हटलं, बसले नाहीत. चहा आणला, प्यायले नाहीत, कारण उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट धरलं होतं.

आणि मग ते चपलांकडे बघत बोलायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"पायलट विमानात चढायच्या आधी खिसे रिकामे करतो, जाधव. आत एखादं नाणं घरंगळलं, विमान वळवायच्या दांडीच्या सांध्यात अडकलं, की संपलं. ते सगळं माझ्याकडे द्यायचे. किल्ल्या, पाकीट, कंगवा. ठेवायला एक डबा होता. मी डब्यात नाही ठेवायचो."

"का?"

"डब्यात ठेवलं की माणूस दुसऱ्या कामाला लागतो. हातात असलं की हाताला कळत राहतं, हे ज्याचं आहे तो वर आहे. सगळे वर बघायचे. माझी छाती नाही झाली कधी. मी हाताकडे बघायचो. तो उतरला, चालत आला, त्याच्या हातात दिलं, बघून घ्या म्हटलं, की मग मला तहान लागायची."

"सगळे परत आले?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"माझ्या हातातलं काही माझ्याकडे राहिलं नाही," नाना म्हणाले. मग म्हणाले, "पण माझा शिक्का असलेली विमानं अजून उडतात. आणि मी इकडे भाजी घेत असतो."

 इतकी वर्षं ज्या मुठीवर आम्ही कॉलनीत हसत होतो, ती मी पहिल्यांदा बघितली. मला फार वाईट वाटलं.

काकू व्यवस्थित बाहेर आल्या. भुलीत होत्या. नाना स्ट्रेचरबरोबर चालत त्यांच्या तळहातावर रुमाल ठेवायचा प्रयत्न करत होते आणि नर्स ओरडत होती, की काका, त्या शुद्धीवर येऊ द्या. संध्याकाळी काकूंनी डोळे उघडले. नानांनी एकेक वस्तू त्यांच्या हातात दिली आणि "बघून घे" म्हणाले. काकूंनी जोडवी बघितली, चमकी बघितली आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "मी आले परत. आता ते विमान उडवा."

नानांना त्यांना नाही म्हणता आलं नाही.

विंचूरजवळ काकूंच्या भावाची जमीन आहे. कांदा निघून गेलेला, माळ सपाट, एका कडेला कांद्याच्या रिकाम्या चाळी. एका रविवारी सकाळी आम्ही विमान पंख सुटे करून छोट्या ट्रकमधून तिथं नेलं. काकूंचा भाऊ, मी, काकू आणि नाना, एवढीच माणसं. काकूंनी डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत आणलं होतं आणि पाय पसरून सतरंजीवर बसल्या होत्या.

नानांनी सुरुवात केली. पेट्रोल काठोकाठ, बघा. मी बघितलं, पास म्हटलं. पंखांचे नट, तारा, शेपूट, चाकं. मग इंजिन सुरू करून बघितलं. उत्तम. बंद केलं. नानांना वाटलं, आवाज जरा जड आहे. पुन्हा सुरू केलं. मी म्हटलं उत्तम आहे. बंद केलं. मग गरम झाल्यावर कसं चालतं ते बघायला सुरू केलं. मग गार झाल्यावर. मग पूर्ण वेगाने. मग मी नीट ऐकलं नसेन म्हणून परत पूर्ण वेगाने. काकूंचा भाऊ आधी उभा होता, मग बसला, मग सतरंजीवर आडवा झाला.  

शेवटी तपासायला काही उरलं नाही. नानांनी रिमोट उचलला. सवयीने डावा हात पुढे केला, पण आत बसायला कोणी नव्हतं, खिसे कोणाचे रिकामे करायचे? तो हात तसाच हवेत राहिला. हा माणूस आता रिमोट खाली ठेवणार आणि आम्ही विमान घेऊन परत इंदिरानगरला जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

काकू सतरंजीवरून उठल्या. पोटावर हात ठेवून हळूहळू चालत नानांपुढे आल्या आणि पदर पसरला.

"खिसे," त्या म्हणाल्या.

"माझे?"

"मग कोणाचे?"

"मी कुठे जातोय, कमल? मी इथंच उभा आहे."

"जाताय. मला माहीत आहे. द्या इकडे."

नाना बघत राहिले. मग त्यांनी घराची किल्ली काढली, पाकीट, जवळचा चष्मा, पेन, आणि तारेचं एक वेटोळं. सगळं पदरात टाकलं. काकूंनी पदराची गाठ बांधली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

विमान पळालं, उसळलं, आणि सुटलं. कांद्याच्या चाळींवरून गेलं, वळलं, आणि ऊन पंखांवर घेऊन आमच्या डोक्यावरून गेलं. काकूंचा भाऊ टाळ्या वाजवत होता. मी नानांकडे बघितलं. ते वर बघत होते. तोंड उघडं, मान पार मागे, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. "काय सुंदर दिसतं हो," ते म्हणाले. एवढं आयुष्य ज्या कामात गेलं ते काम त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या फेरीला आवाज अडखळला. मग थांबला. विमान एक क्षण तसंच तरंगलं, मग नाक खाली गेलं. नाना रिमोटच्या दांड्या ओढत राहिले. ते चाळींच्या पलीकडे ढेकळांत आपटलं आणि डावा पंख मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

 मला नानांची भीती वाटत होती. जन्मभर ज्याला घाबरले ते त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. आम्ही ढेकळं तुडवत पोचलो. काचेची टोपी फुटली होती. नाना गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आधी त्या वीतभर खुर्चीत हात घालून बघितलं.

"कोणी नव्हतं आत," ते म्हणाले.

"नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणून बनवलं होतं." त्यांनी अंगावरची माती झटकली. "आत कोणी नसलेलं एक तरी विमान."

मग त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. आत थेंब नव्हता. काठोकाठ भरलेलं पेट्रोल तपासण्यांतच जळून गेलं होतं, आणि ते तपासून पास झालेलं असल्यामुळे पुन्हा बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. मला हसू आवरेना, आणि हसायची भीतीही वाटत होती. पण नानांनीच आधी खांदे हलवले. ते हसत होते की रडत होते, मला आजही नीट सांगता येणार नाही.

काकू मागून हळूहळू येऊन पोचल्या. दोन्ही हातांत ती गाठ तशीच होती. त्यांनी विमानाकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गच्ची मोकळी झाली." मग पदराची गाठ सोडली आणि किल्ली, पाकीट, चष्मा, पेन, तारेचं वेटोळं, एकेक करत नानांच्या तळहातावर ठेवलं.

"आजवर कोणी माझं धरलं नव्हतं, कमल," नाना म्हणाले.

"बघून घ्या," काकू म्हणाल्या.

नानांनी त्यांच्याकडे बघितलं आणि सगळं तसंच, न बघता, खिशात टाकलं.

"तहान लागली," ते म्हणाले.